वरल्या तळ्यातला गहू

श्रावण लागला की माझं उजवं मनगट दुखायला लागतं. डॉक्टर म्हणतात, वय झालं. मी म्हणते, वय नाही, वरलं तळं. पण डॉक्टरांना तळं कुठून सांगत बसू? गोळी घेते आणि गप्प बसते.

यंदाही दुखतंय. यवतमाळात सकाळपासून नुसती रिपरिप चाललीय. प्रयोगशाळेच्या भिंतीला खालून हिरवट ओल चढलीय, ओल्या छत्र्यांचा कुबट वास व्हरांडाभर पसरलाय आणि माझ्या टेबलावर ऑफिसची चिठ्ठी पडलीय. वनस्पतिशास्त्र विभागातला जुना फ्रीज शनिवारपर्यंत रिकामा करून द्यावा, म्हणे. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय आणि माझ्याबरोबर फ्रीजही. तो भंगारात जाईल, मी घरी जाईन. फ्रीजमध्ये बाकी काही नाही, चार नळ्या आहेत. हातभर लांबीच्या, चिखलानं भरलेल्या. त्या ठेवायच्या की टाकायच्या, एवढंच काय ते ठरवायचंय, आणि तेवढंही माझ्यानं होत नाहीये.

शिपाई दोनदा विचारून गेला. "मॅडम, टाकून देऊ का नाल्यात? चिखलच त आहे."

"शनिवारी सांगते," म्हटलं. तो मान हलवून गेला. मॅडमचं असंच आहे, हे त्याला एव्हाना पाठ झालंय.

खरं सांगू? टाकून द्यायचा मोह होतोच. त्या नळ्यांमध्ये माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आहे आणि सगळ्यात मोठी चूकही. चूक जपून ठेवायला अंगात ताकद लागते, ती आता उरलेली नाही.

फुलसावंगीला एसटीतून उतरलं की डोंगराकडे तोंड करून दोन तास चालायचं. चढ तसा फार नाही, पण दगड फार. वर सपाटी लागते, सपाटीवर बंजाऱ्यांचा तांडा, आणि तांड्यामागे खोलगटात तळं. नकाशात त्याला नाव नाही. खालचे लोक त्याला वरलं तळं म्हणतात, आणि तांड्यातले नुसतंच तळं. दुसरं आहे कुठं तिथं? या तांड्याचे पूर्वज एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता त्यांची नातवंडं-पतवंडं तिथंच पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर पेरतात.

मला ते तळं का हवं होतं, ते अब्बांना समजावताना मी पहिल्यांदा नीट सांगितलं. झाडांचे पराग वाऱ्यानं उडतात, पाण्यात पडतात, तळाशी बसतात. वर गाळ येऊन बसतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पान कुजतं, फूल कुजतं, परागाचं कवच मात्र कुजत नाही. म्हणजे तळ्याचा तळ खणत गेलं की डोंगरावर कधी कोणती झाडं होती ते कळतं, आणि झाडं कळली की पाऊसही कळतो. खालच्या शेतांचं वाऱ्यावर येऊन येऊन किती येणार? डोंगरावरच्या तळ्यात डोंगराचंच पडणार. निदान मला तसं वाटत होतं.

अब्बांचं नेरला बाजाराच्या तोंडाशी हातपंप दुरुस्तीचं दुकान होतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तुले पाणी नाही पायजे, चिखल पायजे."

"हो."

"आन् तो हालला नाही पायजे, सांडला नाही पायजे."

"नाही."

"अरे मंग हा त उलटा हातपंप झाला न बेटा! काहून टेन्शन घेतं?"

असलं यंत्र बाहेरून मागवावं लागतं आणि आमच्या कॉलेजला ते कधीच मिळालं नसतं. अब्बांनी ते पंधरा दिवसांत केलं. पंपाचा पाइप, आत दट्ट्या, दट्ट्याला चामड्याचा वायसर. पाइप गाळात दाबायचा, दट्ट्या जागच्या जागी धरून ठेवायचा आणि सगळं मिळून वर ओढायचं. उन्हाळ्याच्या शेवटी तळं गुडघाभर उरलं तेव्हा ट्रकच्या ट्यूबांवर बांबू बांधून आम्ही बापलेक त्यात उतरलो. अब्बा कुर्ता खोचून तराफ्यावर उभे, आणि तोंडानं अखंड सूचना.

शेवंताबाई मला तिथंच पहिल्यांदा भेटल्या. डोक्यावर घागर घेऊन काठावर उभ्या होत्या, बराच वेळ. शेवटी राहवलं नाही त्यांना. "कायले चिखल उकरून राह्यले जी?"

"माही पोरगी चिखल शिकली," अब्बा अभिमानानं म्हणाले.

"शिकून चिखल?" शेवंताबाई इतक्या हसल्या की घागरीतलं पाणी हिंदकळून त्यांच्या तोंडावर आलं. मग घागर खाली ठेवून सरळ पाण्यात उतरल्या आणि तराफा धरून उभ्या राहिल्या. आम्ही काही त्यांना बोलावलं नव्हतं. एकाच जागी, एकाखाली एक अशा नळ्या काढत गेलो. चौथी, सगळ्यात खालची, तळाच्या चिकणमातीत अडकली, तेव्हा आम्ही तिघांनी मिळून ती ओढली. नळी सुटली आणि माझं मनगट कटकन वाजलं. पहिल्या नळीच्या तोंडाचा अगदी वरचा पातळ गाळ मात्र वायसरच्या कडेनं निसटून पाण्यात गेला. अब्बा हळहळले. मी म्हटलं, जाऊ द्या अब्बा, तो कालपरवाचा आहे, मला जुना हवाय.

हे वाक्य पुढं मला किती टोचणार होतं, ते तेव्हा कुठं माहीत होतं!

मग महिनेच्या महिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. बोटभर अंतरावरून चिमूटभर गाळ घ्यायचा, आम्लात उकळायचा, धुवायचा, पुन्हा उकळायचा. वासानं डोकं उठायचं. शेवटी तळाशी थेंबभर काहीतरी राहायचं, त्याला गुलाबी रंग द्यायचा आणि काचेवर ठेवून बघायचं. जांभळाचा पराग तिकोनी. नेच्यांचे बीजाणू घेवड्याच्या दाण्यासारखे. गवताचा पराग गोल, त्याला एकच भोक आणि भोकाभोवती कडं. एकदा ओळख पटली की विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

सगळ्यात खालच्या नळीत नेचे होते, जांभूळ होतं. म्हणजे हा आज मे महिन्यात भाजून निघणारा डोंगर कधीकाळी ओला, सावलीचा होता. त्याच्यावर राखाडी पट्टा, त्यात नुसतं गवत आणि कोळशाचे कण. पाऊस गेला, आगी लागल्या. किती वर्षं तो पाऊस गेला असेल, किती जनावरं पाण्यावाचून मेली असतील, कोण कुठं निघून गेलं असेल, त्याचा नळीत पत्ता नाही. जाडी म्हणाल तर एक बोट. मला त्या पट्ट्याशी आलं की हात आवरता घ्यावासा वाटायचा. पाणी प्यावंसं वाटायचं, खरंच. मग पुन्हा झाडं परत येतात, साग आणि मोह, आणि माणसाला उगीचच बरं वाटतं.

आणि वरच्या नळीत, मधल्या उंचीपासून, गहू.

गव्हाचा पराग रानगवतापेक्षा चांगलाच मोठा असतो, चुकायचं कारण नाही. मी पुन्हा पाहिलं, दुसरी काच केली, तिसरी केली. गहूच. सोबत शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू. तिथून वर प्रत्येक बोटावर तेच. त्या सपाटीवर गहू? विहीर नाही, कालवा नाही, हिवाळ्यात तर दवाशिवाय ओल नाही. मग एकच अर्थ निघत होता. कधीतरी या डोंगरावर हिवाळी पाऊस चांगला पडत असणार, एवढा की त्याच्या जिवावर कोरडवाहू गहू पिकत होता, गुरं चरत होती. या भागात असं कोणी म्हटलेलं नव्हतं. मी म्हणणार होते. पिवळ्या भिंतींच्या या खोलीत बसून, अब्बांच्या उलट्या हातपंपाच्या जोरावर मी म्हणणार होते!

एका संशोधन पत्रिकेला लेख पाठवला. श्रावणातच उत्तर आलं. लेख छापायला घेतला होता. फक्त एक लहानशी मागणी होती, तळ्यातला आजचा वरचा गाळ तपासून कळवा. आज त्यात गहू नसला म्हणजे जुन्या गव्हाचा अर्थ पक्का होईल. मागणी अगदी रास्त. निसटलेला गाळच त्यांना हवा होता.

मी अब्बांना फोन केला. ते रडले. "बेटा, नेरात सगळ्याले सांगतो," म्हणाले, आणि सांगितलंही.

त्या श्रावणातला तो चढ मला अजून पावलांत आठवतो. दगडांवर शेवाळ, वाटेवर तेरड्याची फुलं, ऊन आणि भुरभुर एकाच वेळी. पिशवीत एक बरणी, चिखलासाठी. मनात गाणं वगैरे चाललं होतं माझ्या. गोकुळाष्टमीचा दुसरा दिवस होता आणि त्या दिवसाचा वर काही संबंध असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

तळ्यावर अख्खा तांडा जमला होता. लग्न न झालेल्या पोरी नटूनथटून, डोक्यावर टोपल्या घेऊन ओळीनं येत होत्या. टोपल्यांत वीतभर उंचीचं, पिवळसर, कोवळं काहीतरी वाऱ्यावर हलत होतं. त्यांची तीज. राखीच्या सुमारास पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात आणि अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी पाण्यात सोडतात. पुढच्या तिजेपर्यंत कोणकोण लग्न होऊन निघून जाणार ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून पोरी गळ्यात गळे घालून रडतात. बायाही रडतात. मी काठावर बरणी धरून उभी होते. पहिली टोपली पाण्यावर उलटी झाली आणि मुळांतली माती खाली बसत गेली.

शेवंताबाईंनी मला ओळखलं. डोळे पुसत हसत आल्या. "आल्या का चिखलवाल्या मॅडम!"

मी टोपलीकडे बोट दाखवलं. "बाई, हे काय पेरलंय?"

"गहू."

"तुमच्या वावरातला?"

"वावरातला? इथं पऱ्हाटी-तुरीबिगर काय येते मॅडम? गहू खालून आणतो आम्ही. तिजेपुरता."

माझ्या मनानं एक शेवटची काडी पकडली. दाण्याला पराग कुठून असणार? पराग असलाच तर कोंड्यात असतो, लोंबीत. "दुकानातून आणता न? निवडलेला?"

"दुकानातला कायले चालीन? मयेल, दाणे काढेल गहू तिजेले चालत नाही. लोंबीतला पायजे. लोंब्या घरात टांगून ठेवतो. पोरीनं सोताच्या हातानं चोयाव लागते, टोपलीवर धरून."

"आणि कोंडा?"

"कोंडा त्यातच. तिजेचं काही फेकत नाही आम्ही. वारुळाची माती, बकरीचं खत, कोंडा, समदं तयाच्या पाण्यात."

"कधीपासून?"

"तांडा बसला तवापासून," त्या म्हणाल्या. "त्याच्या आंधीबी. बैल घिऊन फिरत तवाबी पावसाळ्यात इथंच उतरत, असं माही आजी सांगे."

झालं. मी तिथं दगडावर बसले. हिवाळी पाऊस नव्हता, गव्हाची शेतं नव्हती. पोरी होत्या. श्रावणातल्या श्रावणात, वर्षानुवर्षं, हातानं लोंब्या चोळणाऱ्या. मी पोरींना पाऊस समजले होते. शेवंताबाईंना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी गुळाचा खडा दिला. तो चघळत मी त्यांना एवढंच सांगितलं, तुमच्या तिजेचा गहू मला त्या चिखलात दिसतो. बरणी मी भरून आणली, काच केली, पाहिली. गहू होता. असणारच.

लेख मागे घेतल्याचं पत्र तीन ओळींचं आहे. ते लिहायला मला चार दिवस लागले. एक सहकारी म्हणाले, "अहो, त्या तांड्यातलं कोण वाचायला बसलंय? छापू द्यायचं." मीही रात्रभर तसं म्हणून पाहिलं होतं स्वतःला, उगाच साळसूद कशाला होऊ? अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी समोरच्या पंपाचा वायसर बसवून घेतला. मग म्हणाले, "पंप बसवला आन् पाणी खारं निघालं, त सांगाच लागते न बेटा. लोकायले पिऊ थोडीच द्यायचं." नेरात कोणी विचारलं तर काय सांगायचे ते मी कधी विचारलं नाही. आता ते नाहीत.

त्यानंतर मी दुसरं तळं घेतलं नाही. शिकवलं, पेपर तपासले, प्रात्यक्षिकं घेतली. लोक म्हणतात प्रामाणिकपणाचं समाधान असतं. असेल बाई. मला तर थकवाच आला, तो गेला नाही. नळ्या फ्रीजमध्ये राहिल्या, कारण टाकायचं काम रोज उद्यावर गेलं.

तर शनिवार उजाडला. शिपाई पोतं घेऊनच आला होता. "टाकून दे" हे शब्द तोंडात जुळवून मी बसले होते, तेवढ्यात दारात कोणीतरी खोकलं. पांढरे केस, डोळ्यांवर हिरवा चष्मा, हातात सरकारी दवाखान्याची फाइल. ओळखायला वेळ लागला. शेवंताबाई.

"मोतीबिंदू काढला," त्या म्हणाल्या. "आज दाखवाले बलावलं होतं. म्हटलं चिखलवाल्या मॅडमले पाहून जाव. अब्बा कसे हायेत?"

सांगितलं. त्यांनी हातातली फाइल खाली ठेवली आणि माझं दुखरं मनगट धरून थोडा वेळ बसल्या. त्यांना काय माहीत ते दुखतंय! मग हळूच विषयावर आल्या.

"मॅडम, तो चिखल हाये का अजून?"

"आहे. का हो?"

"तयं खोदलं परवाच्या उन्हाळ्यात. मशीन आली होती. समदा गाळ टॅक्टरीनं वावरायत नेऊन टाकला. चांगलंच झालं म्हणा, पाणी टिकते आता, बाया खाली नाही जात पाण्याले. पण समदा नेला. मले तुमी सांगतलं होतं न, आमच्या तिजेचा गहू दिसते तुमाले म्हणून?"

"हो."

"माही लहानी भईन होती, जमनी. माह्या लग्नाच्या साली दोघीनं एकाच टोपलीत पेरलं. मी पेरलं कुठं, तिनंच चोयल्या लोंब्या, मले हात लावू दिला नाही. म्हणे, तुले हळद लागणार हाये. पुढल्या तिजेले ते नव्हती. ताप आला न् गेली. फोटो नाही, काही नाही." चष्म्याखालून त्यांनी पदराचं टोक नेलं. "तिनं चोयलेला गहू असन का त्यात?"

मी शिपायाकडे पाहिलं. तो पोतं घडी करून बाहेर गेला.

काचांची पेटी वरच्या फळीवर होती. वरच्या नळीची, वरून तिसऱ्या बोटाची काच काढली, पुसली, लावली. शेवंताबाईंना स्टुलावर बसवलं. कुठल्या डोळ्यानं बघू, म्हणाल्या. नव्या डोळ्यानं बघा, म्हटलं. बराच वेळ त्यांना स्वतःची पापणीच दिसत होती. मग त्या एकदम स्थिर झाल्या.

"गुलाबी हाये."

"रंग आम्ही दिलाय."

"गोल हाये. एक भोक हाये." आणि मग, अगदी लहान आवाजात, "एवढुसा?"

मला खोटं बोलता आलं असतं. एका बोटात कितीतरी वर्षं मावतात. हे साल कुठलं, हा हात कुणाचा, ते सांगणारं यंत्र कुठंच नाही. पाऊस म्हणून मी एकदा जे सांगून बसले, त्याची शिक्षा अजून भोगतेय. "शेवंताबाई," मी म्हटलं, "हा जमनीचाच म्हणून मला नाही सांगता येत. कुणाचाही असू शकतो."

"आमच्यातल्या पोरीचाच हाये न?"

"हो. तो तुमच्यातल्याच पोरीनं चोळलेला आहे."

"मंग तिचा असू शकते?"

"असू शकतो."

"बस, झालं त मंग," त्या म्हणाल्या. पण डोळा काढला नाही. खिडकीबाहेर रिपरिप चालू होती आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. मला खूप रडू आलं, आणि आलं म्हणून बरंही वाटलं. इतकी वर्षं मी त्या नळीत न पडलेला पाऊस बघून हळहळत होते.

घरच्या फ्रीजमध्ये जागा होईल. भाजीचा कप्पा काढला की नळ्या आडव्या बसतात, मोजून आले होते मी एकदा, कुणाला न सांगता. दोन मी घेतल्या, दोन शेवंताबाईंनी, त्यातली वरची, गव्हाची, त्यांच्याच हातात. कॉलेजच्या फाटकाशी ऑटो केला. त्यांना आधी बसस्टँडवर सोडायचं होतं, पण त्या म्हणाल्या, "पयले हे घरी पोचवू."

नळ्यांवरचा चिखलाचा ओघळ बघून ऑटोवाल्यानं तोंड वाकडं केलं. "सीट खराब होईन न मावशी. काय हाये यात?"

चिखल आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आजवर सगळ्यांना तेच सांगत आलेय.

शेवंताबाईंनी नळी मांडीवर नीट आडवी घेतली, वरून पदर टाकला आणि माझ्या आधी बोलल्या.

"आमच्या पोरीयची तीज हाये. हळू चालव."